सेल्फ बदलण्याआधी दात मोजा

मिशिगनमध्ये एमएसला गेलो, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात एका ड्रॅग रेसिंगच्या (सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतींच्या) गॅरेजात शनिवार-रविवार पडीक असायचो. पगार नाही, मीही मागितला नाही. टायर उचला, सांडलेलं तेल पुसा, पाने जागेवर लावा. मालक साठी ओलांडलेले. गाडी जुनी शेव्ही नोव्हा, आत ४५४ घनइंचाचं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, कॉम्प्रेशन १३ ला १, मागे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. अशा टीममध्ये शिरायचं असेल, तर तुम्हालाही बहुधा फडक्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

पहिल्या महिन्यात दोन रेसच्या मधल्या वेळात गाडी सुरू करताना ‘खट्’ असा आवाज आला आणि सेल्फचं, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरचं, ॲल्युमिनियमचं नाक तुटून खाली पडलं. नवा सेल्फ मीच बसवला. पंधरा दिवसांत तोही गेला. मी इंजिनिअरिंगच्या तोऱ्यात म्हणालो, “जास्त ताकदीचा सेल्फ घेऊ.” म्हातारबांनी माझ्या हातात टॉर्च आणि खडू दिला. म्हणाले, “आधी दात मोज.”

बॅटरीची वायर काढली, गाडी स्टँडवर चढवली, प्लग काढले आणि खालचं पत्र्याचं झाकण उघडलं. आत फ्लेक्सप्लेट. म्हणजे क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) शेपटाला बोल्ट केलेली पातळ पोलादी थाळी; तिच्या कडेला वेल्ड केलेल्या रिंग गिअरला १६८ दात. इंजिन पान्याने हळूहळू फिरवत एकेक दात पाहिला. चारच जागी दात खाल्लेले होते, साधारण ४२-४२ दातांच्या अंतरावर. व्ही-एट इंजिन बंद होताना कुठल्या ना कुठल्या सिलिंडरच्या दाबाला अडखळून थांबतं, त्यामुळे थांबण्याच्या जागा चारच. पिनियन, म्हणजे सेल्फचं छोटं दातेरी चाक, दर वेळी तिथेच येऊन आदळतो. म्हणून एका जागी दात चांगले दिसले की प्लेट पास करू नका, पूर्ण फेरी मारा. आणि वेल्डजवळ, क्रँकच्या बोल्टांभोवती केसाएवढी चीर दिसते का, तेही पाहा.

दात खाल्ले जाणं समजलं, पण नाक का तुटलं? याचं उत्तर मला गावच्या बुलेटने आधीच दिलं होतं, फक्त मी ते जोडलं नव्हतं. काकांच्या जुन्या बुलेटचं टायमिंग पुढे गेलं की किक उलटी यायची आणि पोटरी सुजायची. इथेही तेच. रेसच्या गाडीत स्पार्क पिस्टन वर पोचायच्या ३६ अंश (क्रँकच्या फेरीतले) आधी कायमचा बांधलेला होता. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर ३६ अंश फिरायला एक मिलिसेकंद लागतो, तेवढ्यात जाळ नीट पसरतो. पण सेल्फवर इंजिन जेमतेम १५० फेऱ्यांनी फिरत असतं. तेच ३६ अंश पार करायला ४० मिलिसेकंद. पिस्टन वर पोचायच्या आत मिश्रण पेटून दाब चढतो आणि पिस्टन उलटा ढकलला जातो. त्या क्षणी पिनियन दातांत अडकलेला असतो. मग नाक तुटतं, नाहीतर दात.

उपाय फारच स्वस्त निघाला. इग्निशनला वेगळा स्विच लावला. आधी नुसता सेल्फ, इंजिनने दोन फेऱ्या घेतल्या की मग स्पार्क. सेल्फ मारताना स्पार्क मागे खेचणारे इग्निशन बॉक्सही मिळतात. बॅटरी डिकीत असेल तर केबल जाड हवी आणि इंजिन ब्लॉकला स्वतंत्र अर्थिंग हवं. सेल्फ मारताना सेल्फच्याच टर्मिनलवर व्होल्ट मोजा. १० च्या खाली जात असतील तर इंजिन रेंगाळतं आणि उलटी किक आणखी जोरात बसते.

आता माझी चूक. दुसरा सेल्फ बसवताना मी डब्यातले साधेच ३/८ इंची बोल्ट वापरले होते. शेव्हीच्या सेल्फच्या बोल्टांना गळ्याशी खरबरीत रेघा असतात. त्या भोकात घट्ट बसतात आणि सेल्फ जागचा हलत नाही. माझे बोल्ट सैल, त्यामुळे प्रत्येक झटक्याला सेल्फ सरकत होता. ते ऐकून म्हातारबा रागावले नाहीत, फक्त तो डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पिनियनच्या दाताचं टोक आणि रिंग गिअरची खाच यांत साधारण ३५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) फट हवी. जाडसर पेपर क्लिपची तार सरळ करून घातली की अंदाज येतो. तीन-चार जागी तपासा, कारण रिंग थोडी अंडाकृती असली तर एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल लागते. कानही कामाला येतो. इंजिन पकडायच्या आधी, सेल्फ फिरत असतानाच किंकाळी आली तर फट जास्त आहे. इंजिन पकडल्यावर, बटण सोडताना आली तर फट कमी आहे, शिम (पातळ पत्र्याची चकती) घाला. इंजिन थांबत असताना पुन्हा सेल्फ मारू नका, पिनियन फिरत्या दातांवर घासतो. ही घाई सगळेच करतात.

प्लेट बदलताना नुसते दात जुळवून आणू नका. ४५४ चं इंजिन बाहेरून बॅलन्स केलेलं असतं, त्याच्या प्लेटवर वजनाचा तुकडा असतो. साधी प्लेट लावली तर थरथर सुरू. रेससाठी एसएफआय २९.१ चा (रेसिंगच्या सुरक्षा मानकाचा) शिक्का असलेली प्लेट घ्या. मग टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) मागे गिअरबॉक्सच्या पंपात पूर्ण बसवा आणि प्लेटपर्यंतची फट मोजा. ती १/८ ते ३/१६ इंच हवी. फटच नसेल तर बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेऊ नका. प्लेट वाकते, पंप फुटतो, आणि शनिवारची संध्याकाळ गाडीखाली जाते.