किंबरलाइट घावला म्हणजे हिरे घावले असं नसतं (डायमंड एक्सप्लोरेशनमध्ये येऊ बघणाऱ्यांसाठी)

गुजरीत माझ्या मामांचं सोन्याचांदीचं छोटं दुकान आहे. मागच्या दिवाळीत त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला, "आगं हे बघ, कॅनडातल्या कंपनीला किंबरलाइट घावलाय म्हणं, शेअर घिऊन ठेवू काय?" जिऑलॉजी करणारी पोरंपोरीही मला हल्ली हेच फिरवून विचारतात, या लाइनमध्ये यायचं तर नेमकं काय शिकायचं. दोन्हीचं उत्तर एकच आहे म्हणून सविस्तर लिहिते. किंबरलाइट म्हणजे जमिनीच्या खूप खालून मॅग्मा (वितळलेला खडक) वर येऊन थिजला की होणारा खडक.

मी मूळ कोल्हापूरची, एमएस्सी जिऑलॉजी पुण्यात केलं, मग आंध्रात अनंतपूर जिल्ह्यात वज्रकरूरच्या बाजूला फील्डवर होते, आणि आता एक्सप्लोरेशन कंपन्यांचे रिपोर्ट वाचून पैसे घालणाऱ्यांना मत देते. आपल्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांचा बेसाल्ट, वर पठारावर जांभा आणि बॉक्साइट, त्यामुळं किंबरलाइट मी पहिल्यांदा पाहिला तो फील्डवर गेल्यावरच.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, हिरा किंबरलाइटमध्ये तयार होत नाही. तो तयार होतो साधारण 150 किलोमीटर किंवा त्याहून खोल, जुन्या खंडांच्या जाड थंड मुळांत, आणि किंबरलाइट ही फक्त त्याला वर आणणारी गाडी. गाडी त्या थरातून गेलीच नसेल तर रिकामी येते, आणि गेली असली तरी वाटेत मॅग्मात ऑक्सिजन जास्त असला तर हिरे झिजून संपतात. जगात हजारो किंबरलाइट माहीत आहेत, त्यातल्या खाणी झाल्या जेमतेम काही डझन. म्हणून आधी नकाशा बघायचा, की खाली अतिप्राचीन क्रेटॉन (खंडाचा जुना, स्थिर गाभा) आहे का. भूवैज्ञानिक टी. एन. क्लिफर्ड यांनी 1966 साली मांडलेला हा नियम अजून कामाला येतो. वज्रकरूर आपल्या धारवाड क्रेटॉनवर आहे, तिथले पाइप (मॅग्मा वर आला त्या नळीत थिजलेला किंबरलाइट) साधारण 110 कोटी वर्षांचे, हिरे मिळालेत, तरी आजवर तिथं मोठी खाण उभी राहिलेली नाही.

किंबरलाइट झिजला की त्यातले खनिजांचे दाणे ओढ्यात येतात, म्हणून फील्डवर माझं काम म्हणजे ओढ्यातली वाळू चाळायची, जड दाणे वेगळे करायचे आणि मग बायनॉक्युलर मायक्रोस्कोपखाली बारीक ब्रशनं एकेक दाणा निवडायचा. दिवसभर मान मोडेपर्यंत काळा इल्मेनाइट बघितल्यावर एखादा जांभळट गार्नेट दिसतो, पिकल्या जांभळाच्या गरासारखा, आणि हात आपोआप थांबतो. तो पायरोप, गार्नेटचाच एक प्रकार. पण रंगावर जायचं नाही, लॅबमध्ये मायक्रोप्रोबवर (दाण्यात कुठलं मूलद्रव्य किती ते मोजणारं यंत्र) क्रोमियम जास्त नि कॅल्शियम कमी निघालं, ज्याला जी-10 म्हणतात, तर हा दाणा हिऱ्याच्या थरातून आलेला असण्याची शक्यता बरीच वाढते. कॅनडात चक फिपकी आणि स्टुअर्ट ब्लुसन या भूवैज्ञानिकांनी हिमनद्यांनी पसरवलेल्या असल्याच दाण्यांचा माग शेकडो किलोमीटर उलटा काढला, 1991 मध्ये लाक द ग्राजवळ पाइप मिळाला आणि 1998 ला एकाटी खाण सुरू झाली.

आता पैशाचं. कोल्हापुरात साखर उतारा कुणाला समजावून सांगावा लागत नाही, टनाला किती साखर पडली त्यावर उसाचा दर. इथं उतारा म्हणजे 100 टन दगडात किती कॅरेट, आणि 1 कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम. पण साखरेचं पोतं कुठलंही घ्या दर जवळपास तोच, हिऱ्याचं तसं नाही, ते गुळाच्या सौद्यासारखं आहे, शाहूपुरीत ढेपेचा रंग नि कणी बघून प्रत्येक कलमाला वेगळा भाव लागतो तसं. समजा 100 टनाला 50 कॅरेट आणि कॅरेटला 80 डॉलर, म्हणजे टनामागं 40 डॉलर हातात, आणि खणायला नि गाळायला 45 लागत असतील तर ती खाण नाहीच. लेसोथोतल्या लेत्सेंगला 100 टनाला 2 कॅरेटही पडत नाहीत, तरी ती चालली कारण मोठे दगड निघतात आणि बरीच वर्षं सरासरी भाव कॅरेटला हजार डॉलरच्या वर राहिला. उलट ऑस्ट्रेलियाच्या अर्गाइलला (तो किंबरलाइट नव्हे, लॅम्प्रोइट, हिरे वर आणणारा दुसरा खडक) टनाला कित्येक कॅरेट, पण बहुतेक माल बारीक नि तपकिरी, 2020 ला ती बंद झाली.

आकारही बघायचा. पाइप गाजरासारखा असतो, खाली निमुळता होत जातो, म्हणून पहिल्या 100 मीटरचा टनेज हिशोब खाली तसाच लावला तर फसलात. आणि एका पाइपमध्ये दोन-तीन वेळा उद्रेक झालेला असतो, प्रत्येक फेजचा उतारा वेगळा, लागणीचा ऊस आणि खोडवा एकाच मोळीत बांधल्यावर उतारा कुणाचा धरणार? फेज वेगळ्या न काढता एकच सरासरी देणारा रिपोर्ट मी बाजूला ठेवते. कॅनडाच्या स्नॅप लेकला तर पाइप नव्हताच, तळ्याखाली तिरका पसरलेला दोन-अडीच मीटरचा पातळ डाइक (भेगेत शिरून थिजलेला पट्टा), त्यात बाजूचा बिनकामाचा दगड मिसळायचा आणि खाणीत पाणी घुसायचं. 2008 ला सुरू झाली, 2015 ला काम थांबलं.

माझं नुकसानही सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका छोट्या परदेशी कंपनीची "80 मीटर किंबरलाइट लागला" अशी बातमी वाचून मी 40 हजार घातले. नंतर मायक्रोडायमंडचा रिझल्ट आला (कोअर, म्हणजे ड्रिलिंगमधून काढलेला दगडाचा दंडगोल, कॉस्टिक सोड्यात विरघळवून उरलेले बारीक हिरे मोजतात), दाणे भरपूर, पण सगळे सर्वात खालच्या चाळणीतले, मोठ्या चाळण्यांवर काहीच नाही. शेअर बसला तो बसलाच. त्या बातमीत उतारा नव्हता, भाव नव्हता, फेज नव्हत्या, आणि हे सगळं मला नोकरीतून माहीत असूनही मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून बल्क सॅम्पल (मोठ्या प्रमाणात दगड काढून केलेली चाचणी) झालंय का आणि भाव ठरवायला काही हजार कॅरेटचा माल हातात आहे का, हे बघितल्याशिवाय मी कुणाला हो म्हणत नाही. लॅबमधल्या हिऱ्यांनी भाव पाडलेत, त्यामुळं काठावरचे प्रोजेक्ट आता अजूनच अवघड झालेत.

नव्यांनी काय शिकावं? मिनरल केमिस्ट्री आणि स्टॅटिस्टिक्स, या दोन्हीला पर्याय नाही. सरकारीत जायचं असेल तर यूपीएससीची कंबाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा द्या, जीएसआयचा (जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया) रस्ता तिथूनच. आणि कोअर लॉगिंग, म्हणजे कोअर बघून त्याची मीटरवार नोंद करणं, हातानंच येतं, कोअर मिळत नसेल तर जोतिबाच्या वाटेवर रस्त्यासाठी कापलेल्या कड्यापाशी वही नि लेन्स घेऊन बसा, एका मीटरचं वर्णन लिहा, फोड कुठं, भेग कुठं, भेगेत काय भरलंय. मामांना मी शेवटी एवढंच विचारलं, की बातमीत 100 टनाला किती कॅरेट लिहिलंय. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं नि म्हणाले, "ते काय दिलं न्हाई गं."