फ्लोटप्लेनसाठी जुनं विमान घेताय? या चुका टाळा

"काका, सेसना १७२ स्वस्तात मिळतंय. घेऊन टाकतो, फ्लोटचं नंतर बघू." अशा अर्थाचे फोन मला अधूनमधून येतात. करणारी मुलं इंदूरच्या रामबाग, राजेंद्रनगर, सुदामानगरची. आता मिनेसोटात नाहीतर ब्रिटिश कोलंबियात तळ्याकाठी राहतात. काही जण इंदुरातच आहेत. ३१ ऑक्टोबर २०२० ला साबरमती ते केवडिया ट्विन ऑटर हे पाण्यावर उतरणारं विमान सुरू झालं, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात हनुवंतियाचं, म्हणजे इंदिरा सागर धरणाचं पाणी घोळतंय. सगळ्यांना मी एकच सांगतो: आधी फ्लोट (चाकांच्या जागी बसवायचे पोकळ तरंगते हौदे) ठरवा, मग विमान शोधा. पुढच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यानेच होतात.

विमान घेतलं, फ्लोट बसेनात

कुठल्या मॉडेलच्या कुठल्या सीरियल नंबरला कोणता फ्लोट चालतो, हे विमानाच्या टाइप सर्टिफिकेट डेटा शीटमध्ये (त्या मॉडेलच्या मंजुरीच्या कागदात) किंवा फ्लोटच्या एसटीसीमध्ये (नंतरच्या बदलाला मिळालेल्या पूरक मंजुरीत) लिहिलेलं असतं. ते वाचायच्या आधी बयाणा देऊ नका. शेजारच्याच्या १७२ ला बसले म्हणून तुमच्या १७२ लाही बसतील, असं गृहीत धरू नका.

दुसरी गोष्ट फ्लोट किटची. काही विमानं कारखान्यातूनच फ्लोटची तयारी करून निघाली: बॉडीत जिथे फ्लोटचे पाय बसतात तिथे जादा पत्रा आणि फिटिंग, आतून प्रायमर, वर उचलायच्या कड्या, बऱ्याच सेसनांत काचेमागे उलट्या व्ही आकाराचा आडणा. हे सगळं नंतर करायचं म्हणजे फरशी उचला, पत्रे उकला, रिव्हेट काढा आणि पुन्हा ठोका. मजुरीचा आकडा ऐकून लोक गप्प होतात. म्हणून किट असलेलं विमान थोडं महाग मिळालं तरी ते घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

लो-विंग, म्हणजे पंख खाली असलेलं विमान शक्यतो नकोच. पंखावर फवारा येतो, आणि धक्क्याला लागताना पंखच आधी धक्क्यावर आपटतो.

वजनाच्या कागदावर विश्वास

चाकांवरच्या १७२ एन ची मर्यादा २३०० पौंड आहे, फ्लोटवर तीच २२२० होते. म्हणजे फ्लोटचं वजन वाढतं आणि वर मर्यादाही ८० पौंडांनी उतरते. अमेरिकी विमान-नियमांतल्या जुन्या 'फार २३' च्या २३.७५१ कलमाप्रमाणे फ्लोटची तरंगण्याची ताकद विमानाच्या कमाल वजनापेक्षा ८० टक्के जास्त लागते. २२२० ला १.८ ने गुणा: ३९९६. ईडीओ कंपनीच्या २००० नंबरच्या फ्लोटमध्ये तो नंबर साधारण पौंडातली ताकद सांगतो. असे दोन, म्हणजे ४०००. किती काठावरचा हिशेब आहे बघा.

आता समजा फ्लोटसकट रिकामं वजन १६०० पौंड भरलं. उरले ६२०. त्यातून ४० गॅलन पेट्रोलचे २४० गेले, राहिले ३८० पौंड, म्हणजे १७२ किलो. दोन धडधाकट माणसं, दोर, नांगर, वल्हं, लाइफ जॅकेट... संपलं. मागच्या सीटवर मुलांना बसवायचा बेत असेल तर १७२ चा विचार सोडा आणि सेसना १८० किंवा १८५ बघा.

रिकाम्या वजनाचा कागद बहुधा जुन्या आकड्यात बेरीज-वजाबाकी करत आलेला असतो. मधल्या काळात रंगाचे थर चढतात, जुन्या रेडिओच्या वायरी आतच राहतात. सौदा करण्याआधी विमान काट्यावर चढवून घ्या. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर काय समजायचं ते समजा.

उन्हाळा विसरू नका

पाण्यावरून उठताना विमानाला आधी नाक वर करून स्वतःचीच लाट चढावी लागते, मग ते स्टेपवर, म्हणजे फ्लोटच्या तळाच्या पायरीवर येतं. जोर तिथेच लागतो. इंदिरा सागर पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी २६२ मीटर असते. एप्रिल-मेच्या ४० अंशांत तिथली हवा जवळपास ४००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. थंड हवेत आरामात उठणारं १५० एचपीचं १७२ इथे पाणी कापत नुसतं पळत राहील. १८० एचपीचं इंजिन बसवलेलं बघा, आणि प्रॉपेलर कमी पिचचा (पाती कमी तिरकी असलेला) आहे ना तेही पाहा. क्रूझचा प्रॉपेलर पाण्यावर कामाचा नाही.

करोजन (धातूची गंज): इथे घाई नको

माझा सगळा जीव इथे अडकतो. इंजिन बदलता येतं, रेडिओ बदलता येतात. कुजलेली बॉडी घेऊन काही करता येत नाही. जुन्या सेसना आतून बहुधा प्रायमरशिवायच्या आहेत, नुसता अल्क्लॅड (वर शुद्ध अल्युमिनियमचा थर असलेला) पत्रा.

गालिचा काढायला लावा, फरशीखालची तपासणी झाकणं उघडा, टॉर्च आणि आरसा घेऊन पोटाचा पत्रा बघा. इन्सुलेशनखाली उंदरांनी घर केलं असेल तर त्यांच्या मुतानेही पत्रा खाल्ला जातो. बाहेरून रिव्हेटच्या ओळीवर बोट फिरवा. रंगाला बारीक फोड आला असेल तर तिथे नख दाबा. पांढरी भुकटी निघाली की आत करोजन आहे. रिव्हेटमागे काळा ओघळ दिसला तर तो रिव्हेट हलतोय, आणि पाण्याच्या दणक्यांनी तो आणखी हलेल. बॅटरीखालचा भाग, शेपटीचा तळ आणि कंट्रोल केबल पुलीवरून वळतात ती जागा चुकवू नका. पायपर सुपर कब असेल तर खालच्या नळ्या आणि पंखांचे स्ट्रट आतून गंजतात. त्या स्ट्रटच्या तपासणीचा सक्तीचा आदेश आहे; तो पाळल्याची नोंद लॉगबुकात शोधा.

"कधी खाऱ्या पाण्यावर गेलं नाही" हे वाक्य तोंडी मान्य करू नका. अमेरिकी विमान असेल तर ओक्लाहोमा सिटीतून त्याची एफएएची (अमेरिकी विमान खात्याची) फाइल मागवा. फ्लोट कधी बसवले असतील तर त्याचे फॉर्म ३३७ (मोठ्या बदलांची नोंद) बहुधा त्यात सापडायला हवेत. फाइल कोरी, पण बॉडीवर फिटिंगची भोकं बुजवलेली दिसतात, असं असेल तर परत फिरा.

जुने फ्लोट

प्रत्येक फ्लोटमध्ये निदान चार जलबंद कप्पे असतात. जमिनीवर एकेका कप्प्यात पाणी भरा आणि बाहेरून किल (तळाची मधली धार), स्टेप, कडा निरखा. जिथे पाझरतं तिथे खडूने खूण करा. काही मॉडेलला शेपटीखाली जादा फिन लागते, ती सौद्यात आहे का विचारा.

भारतात आणायचं असेल तर परदेशी एसटीसीला डीजीसीएची (आपल्या विमान खात्याची) मान्यता लागते, आणि धरणावर उतरायची परवानगी हा वेगळा विषय. ही दोन उत्तरं लेखी हातात आल्याशिवाय पैसे पाठवू नका.

मिनेसोटावाल्यांना एक जास्तीचं: तळी गोठली की विमान चाकांवर न्यावं लागतं. काढलेली चाकं, पाय, बोल्ट खुणा करून पेट्यांत ठेवा, आणि वजन-संतुलनाचे दोन वेगळे कागद, एक फ्लोटचा, एक चाकांचा, मेकॅनिककडून सही करून घ्या.