नवीन ग्राफिक्स कार्डचे लीक आले की आकडे कसे वाचायचे

कोअर (कार्डमधले गणितं करणारे छोटे भाग) डबल दिसले की लगेच उड्या मारू नका, एनव्हिडियाच्या २०८० टीआयला ४३५२ कोअर होते आणि ३०८० ला ८७०४, पण गेममधला फरक डबलच्या आसपासही नव्हता. आधी मेमरी बघा. बसची (चिप आणि मेमरीमधला रस्ता) रुंदी गुणिले मेमरीचा स्पीड भागिले ८, झाली बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो ते. एएमडीच्या ९०७० एक्सटीला २५६ बिट आणि २० जीबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४० जीबी, आणि एनव्हिडियाच्या ५०७० टीआयला तेवढ्याच बसवर २८, म्हणजे ८९६. कागदावर एएमडी गार ना? पण बऱ्याच गेममध्ये दोघं जवळपास बरोबरीत चालतात, एएमडीची ६४ एमबीची कॅश, म्हणजे चिपमधलीच छोटी वेगवान मेमरी, बराच भार उचलते. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे थेट भिडवायचेच नाहीत, त्याच कंपनीच्या जुन्या कार्डाशी लावा आणि मग अंदाज बांधा.

कंपनीची स्लाइड आली तर खालचं बारीक अक्षर आधी वाचा. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने ५४९ डॉलरच्या ५०७० मध्ये आधीच्या सगळ्यात महागड्या ४०९० चा परफॉर्मन्स असं स्टेजवरून सांगितलं होतं, पण ते फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम एआयने बनवणं) धरून, एक खरी फ्रेम आणि तीन बनवलेल्या, वाजवा टाळ्या. लीकमधल्या किमतीवर तर डोकं लावूच नका, ती शेवटच्या क्षणीही बदलते.