मोठ्या क्लस्टरमध्ये संसाधनांचे शेड्युलिंग कसे बसवावे

नाशिकमध्ये द्राक्षांचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल असा चालतो आणि निर्यातीच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या प्रणालीवर याच काळात सर्वाधिक भार येतो. ही प्रणाली कुबरनेटीसवर, म्हणजे अनेक मशीनच्या समूहावर (क्लस्टरवर) प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालते. अशाच एका सकाळी निफाड-दिंडोरीकडून नोंदींचा ओघ सुरू झाला आणि नवे पॉड (प्रोग्राम चालवणारी छोटी एकके) ‘पेंडिंग’, म्हणजे जागेच्या प्रतीक्षेत, अडकून पडले. नोडचा, म्हणजे क्लस्टरमधील एका मशीनचा, तपशील उघडला, तेव्हा वाटपयोग्य १५ जीबी मेमरीपैकी १३ जीबी आधीच राखून ठेवलेली दिसली. प्रत्यक्ष वापर मात्र जेमतेम ६ जीबी होता. नव्या पॉडची मागणी ३ जीबीची होती. कोणता पॉड कोणत्या नोडवर चालवायचा हे ठरवणाऱ्या शेड्युलरने ती नाकारली ते योग्यच होते, कारण कुबरनेटीसचा शेड्युलर जागा ठरवताना मशीनचा चालू वापर पाहत नाही, तर ‘रिक्वेस्ट’ म्हणून आपणच लिहून दिलेल्या आकड्यांची बेरीज पाहतो.

म्हणून नवे नोड विकत घेण्याआधी हे आकडे खरे करावेत. वापर निदान आठवडाभर, आणि शक्यतो गर्दीच्या दिवसांत, मोजावा. मेमरीची रिक्वेस्ट कमाल वापराच्या जवळ ठेवावी, कारण मेमरीची मर्यादा ओलांडली की प्रोसेस मारली जाते. सीपीयूची मर्यादा गाठल्यास काम केवळ मंदावते, त्यामुळे तेथे नेहमीच्या वापराहून थोडा अधिक आकडा पुरतो.

यानंतर शोधाचा खर्च. शेड्युलर आधी अपात्र नोड गाळतो आणि उरलेल्यांना गुण देतो. कुबरनेटीस ५,००० नोडपर्यंतच्या क्लस्टरसाठी घडवलेले आहे, आणि तेवढ्या नोडना प्रत्येक पॉडसाठी गुण देत बसणे परवडत नाही. म्हणून पुरेसे पात्र नोड सापडताच तो शोध थांबवतो. गुण द्यायच्या नोडचे हे प्रमाण १०० नोडच्या क्लस्टरमध्ये सुमारे ५० टक्के, तर ५,००० नोडच्या क्लस्टरमध्ये १० टक्के असते. ते हाताने फार खाली आणू नये, अन्यथा अधिक चांगले नोड गुणांकनापर्यंत पोहोचतच नाहीत. अशा काटकसरीचे मोल किती, हे गूगलच्या बोर्ग प्रणालीवरील २०१५ च्या शोधनिबंधात दिसते: गुण साठवून ठेवणे, एकसारख्या कामांचा विचार एकदाच करणे आणि यादृच्छिक क्रमाने मशीन तपासणे या युक्त्यांमुळे संपूर्ण सेलचे (बोर्गमधील मशीनच्या एका समूहाचे) काम काहीशे सेकंदांत नव्याने लावता येत होते, त्या बंद केल्यावर तेच काम ३ दिवसांनंतरही पुरे झाले नव्हते. याच कारणाने, काहीशे नोडच्या पुढे गेल्यावर पॉड-पॉडमधील जवळीक-दुराव्याचे (कोणता पॉड कोणाजवळ किंवा कोणापासून दूर ठेवायचा याचे) खर्चिक नियम मी टाळतो आणि पॉड निरनिराळ्या झोनमध्ये (मशीनच्या स्वतंत्र विभागांमध्ये) पसरवण्याच्या नियमांवर काम भागवतो.

प्राधान्यवर्ग, म्हणजे जागा अपुरी असताना कोणत्या पॉडला आधी जागा द्यायची याची क्रमवारी, ठरवताना शेतकऱ्याची नोंद वर आणि रात्रीचे अहवाल खाली ठेवावेत. वरच्या वर्गाला नेमस्पेसनिहाय (क्लस्टरमधील प्रत्येक गटाच्या स्वतंत्र कप्प्यानुसार) कोटा लावणे आवश्यक आहे, नाहीतर प्रत्येक गट आपले काम सर्वांत वर नेऊन ठेवतो.

शेवटी, शेड्युलरच्या रांगांवर रोज नजर ठेवावी. ‘अनशेड्युलेबल’ (तपासूनही जागा न मिळालेल्या पॉडची) रांग वाढत असेल, तर रिक्वेस्ट, नियम किंवा क्षमता तपासावी. ‘ॲक्टिव्ह’ (तपासणीची वाट पाहणाऱ्या पॉडची) रांग वाढत असेल, तर शेड्युलरच मागे पडत आहे आणि तेथे नवे नोड जोडून उपयोग होत नाही.