बेल्टवरचा पंखा काढून इलेक्ट्रिक फॅन बसवताना

जुन्या जीपसारख्या बऱ्याच गाड्यांत पंखा आणि वॉटर पंपाची पुली एकाच बोल्टांवर असतात. पंखा काढून तेच लांब बोल्ट आवळले तर ते तळाला टेकतात, पुली मात्र सैलच राहते. आखूड बोल्ट घ्या, नाहीतर स्पेसर (मधली जागा भरणारी जाड चकती) घाला.

१६ इंची फॅन रेडिएटरच्या इंजिनाकडच्या बाजूला, श्राउडसकट (फॅनभोवतीच्या, हवा जाळीतूनच ओढायला लावणाऱ्या आवरणासकट) बसवा. सुरू करून पुढून रेडिएटरच्या जाळीसमोर कागद धरा, तो चिकटला पाहिजे. उडाला तर वायरी उलट लागल्यात. फॅन अडकवायला जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लॅस्टिक पिना नकोतच; थरथरीने रेडिएटरच्या नळ्या घासून गळती लागते.

खरी गफलत वायरिंगमध्ये होते. असा फॅन २० अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, सुरू होताना बराच जास्त. डॅशबोर्डच्या स्विचमधून थेट सप्लाय दिलात तर स्विच वितळणारच. ४० अँपिअरचा रिले (स्विचच्या छोट्या करंटवर फॅनचा मोठा करंट चालू-बंद करणारा), बॅटरीजवळ ३० चा फ्यूज, ४ चौरस मिमीची वायर, आणि अर्थही तितकीच जाड.

थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) ८२ अंशांना उघडत असेल तर रेडिएटरच्या वरच्या होजजवळ ९२ ला चालू, ८७ ला बंद होणारा थर्मोस्विच (तापमानावर चालणारा स्विच) लावा. ८२ च्या खाली बंद होणारा घेतलात तर फॅन थांबतच नाही. अल्टरनेटर जुना ३५ अँपिअरचा असेल, तर रात्री हेडलाइट आणि फॅन दोन्ही त्याला झेपत नाहीत.