मेडिकल फिजिसिस्ट व्हायचंय? नाशिकच्या फिजिक्सवाल्यांसाठी

कॅन्सरच्या पेशंटला 'शेक द्यायला' नेलंय, असं नातेवाईक सांगतात. तो शेक कुठे आणि किती द्यायचा हे रेडिएशनचे डॉक्टर ठरवतात. ठरलेला डोस यंत्रातून खरोखर तेवढाच पडतोय का, हे मोजून कागदावर सही करणारा माणूस म्हणजे मेडिकल फिजिसिस्ट. एक्स-रे, सीटी काढणारे टेक्निशियन वेगळे, रेडिओथेरपीचं यंत्र चालवणारे टेक्नॉलॉजिस्टही वेगळे. या तिघांची गल्लत घरच्यांची होतेच, पण क्लास आणि कॉलेजातसुद्धा होते आणि त्या गल्लतीत चुकीच्या कोर्सची फी भरली जाते.

पात्रता ठरवते अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी. रस्ते दोन आहेत. पहिला: फिजिक्स हा मुख्य विषय घेऊन बीएस्सी, मग एमएस्सी फिजिक्स, मग रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा. यातला सर्वांत जुना कोर्स भाभा अणुसंशोधन केंद्राचा. तो १९६२ पासून चालू आहे आणि आता होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटच्या छत्राखाली येतो. त्याला बीएस्सी आणि एमएस्सी दोन्हीकडे ६० टक्क्यांची अट असते, वर प्रवेशपरीक्षा. दुसरा रस्ता: बीएस्सी फिजिक्सनंतर थेट मेडिकल किंवा रेडिओलॉजिकल फिजिक्समध्येच एमएस्सी. चेन्नईचं अण्णा विद्यापीठ, चंडीगडचं पंजाब विद्यापीठ, मणिपाल इथे असे कोर्स आहेत. दोन्ही रस्त्यांनी शेवटी सुसज्ज रेडिओथेरपी विभागात किमान बारा महिन्यांची इंटर्नशिप करावीच लागते.

एचपीटी-आरवायके किंवा केटीएचएमच्या मुलामुलींनी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला फिजिक्स सोडून केमिस्ट्री घेतली, की हे दार तिथेच बंद होतं. बायोमेडिकल इंजिनिअरिंगवालेही यात बसत नाहीत. फी भरण्याआधी एईआरबीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त कोर्सची यादी उघडा आणि संस्थेचंच नव्हे, कोर्सचं नाव अक्षरन् अक्षर जुळवा. सहा महिन्यांचे ऑनलाइन डिप्लोमे या कामासाठी रद्दीच्या भावाचे.

भाभा केंद्राचे वर्ग अणुशक्तीनगरला भरतात. तिथे सकाळची परीक्षा किंवा मुलाखत असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. पंचवटीच्या भरवशावर राहू नका, पावसाळ्यात कसारा घाटात गाडी कधी थांबेल सांगता येत नाही.

इंटर्नशिप निवडताना एक गोष्ट बघा: तिथे चेंबर, म्हणजे रेडिएशन मोजायचं उपकरण, हातात देतात की नाही. बरेच इंटर्न वर्षभर प्लॅनिंगच्या कॉम्प्युटरसमोर बसून राहतात. प्लॅन सुंदर करतात, पण लिनॅकचं, म्हणजे रेडिएशन देणाऱ्या यंत्राचं, आउटपुट एकट्याने मोजायला सांगितलं की गडबडतात. प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर नोकरी बदलली की बदलतं. मोजमाप मात्र जाल तिथे करावंच लागतं, म्हणून तेच आधी शिका.

आउटपुट मोजायची पद्धत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या टीआरएस-३९८ या नियमावलीत दिलेली आहे. पाण्याची टाकी, म्हणजे वॉटर फँटम, पेशंटला झोपवायच्या टेबलावर ठेवून लेव्हल करा. पाणी आदल्या संध्याकाळीच भरून त्याच खोलीत ठेवा, म्हणजे पाणी आणि खोली एका तापमानाला येतात. सोर्सपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर १०० सेमी, फील्ड, म्हणजे बीमचा चौकोन, १० बाय १० सेमी, आणि ०.६ सीसीच्या फार्मर चेंबरचा मध्य १० सेमी खोलीवर. अंतर लाइटच्या डिस्टन्स इंडिकेटरवर न मोजता फ्रंट पॉइंटरने, म्हणजे यंत्राला लावायच्या मोजकांडीने, मोजा. ६ एमव्हीच्या (मेगाव्होल्टच्या) बीममध्ये खोली १ मिमी चुकली तर रीडिंग सुमारे अर्ध्या टक्क्याने हलतं. टाकीतलं पाणी हवेत उडून कमी होतं, त्यामुळे काम लांबलं तर पातळी पुन्हा तपासा.

चेंबरचं रीडिंग दाखवणारा इलेक्ट्रोमीटर चालू करून पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, चेंबरला व्होल्टेज द्या, आणि पहिले काही शे एमयू (मॉनिटर युनिट, यंत्र किती रेडिएशन देतंय त्याचं एकक) नुसते देऊन टाका. ती रीडिंग वहीत घ्यायची नाहीत. त्यानंतर १०० एमयूची किमान तीन रीडिंग घ्या. ती एकमेकांशी ०.२ टक्क्यांच्या आत जुळली नाहीत तर पुढे जाऊ नका. केबल ताणली गेलीय का, कनेक्टरमध्ये ओल शिरलीय का, ते आधी बघा. पावसाळ्यात कनेक्टरची ओल हेच नेहमीचं कारण.

आता खास नाशिकची गोष्ट. फार्मर चेंबर बाहेरच्या हवेला उघडा असतो. हवा विरळ असली की त्याच्या आत कमी रेणू मावतात आणि रीडिंग कमी येतं. हे भरून काढायला तापमान-दाबाचा गुणक लावतात. संदर्भ म्हणून २० अंश सेल्सिअस आणि १०१३ हेक्टोपास्कल धरलेले असतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यामुळे इथला खरा दाब ९४०च्या आसपास असतो. समजा पाणी २५ अंश आणि दाब ९४३. गुणक होतो २९८.२ भागिले २९३.२, गुणिले १०१३ भागिले ९४३, म्हणजे साधारण १.०९.

चूक होते ती दाबाच्या आकड्यात. हवामानाच्या ॲपवर दिसणारा दाब समुद्रसपाटीला नेऊन सांगितलेला असतो, त्यामुळे नाशिकचं नाव टाकलं तरी तिथे १०१० दिसतं. तो घातला की गुणक येतो १.०२. यंत्र सात टक्के कमी देतंय असं भासतं, फिजिसिस्ट आउटपुट वर चढवतो, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पेशंटला सात टक्के जास्त डोस जायला लागतो. कुठलाही अलार्म वाजत नाही. भिंतीवरच्या ॲनरॉइड बॅरोमीटरचं तसंच आहे: मागचा स्क्रू फिरवून कुणी तो ॲपच्या आकड्याशी 'जुळवून' ठेवला, की तोही खोटं सांगायला लागतो. त्यामुळे नाशिकमध्ये बॅरोमीटर १०००च्या वर दाखवत असेल तर रीडिंग तिथेच थांबवा आणि दुसऱ्या, कॅलिब्रेशन झालेल्या बॅरोमीटरशी ताडून बघा. तापमानही पाण्याचंच घ्यायचं. एसीच्या पट्टीवरचा आकडा इथे कामाचा नाही.

बाकीचे गुणक, म्हणजे पोलॅरिटी, आयन रीकॉम्बिनेशन, इलेक्ट्रोमीटर आणि बीम क्वालिटी, एका टक्क्याच्या आसपास खेळतात. पण चेंबरच्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटची तारीख आणि सीरियल नंबर दर वेळी बघा. दोन सारखे दिसणारे चेंबर असलेल्या विभागात चुकीचं सर्टिफिकेट उघडलं जातंच.

रोजच्या तपासणीत आउटपुट ३ टक्क्यांच्या आत, लेसर २ मिमीच्या आत, दार उघडताच बीम बंद होणं आणि कॅमेरा-माइक चालू असणं, एवढं पहिल्या पेशंटआधी व्हायला हवं.

हाताने एमयू काढायची सवय सोडू नका. ६ एमव्हीला १० सेमीवर सर्वाधिक डोसच्या साधारण ६७ टक्के डोस पोचतो. सर्वाधिक डोसच्या जागी एक एमयूला एक सेंटीग्रे (डोसचं एकक) धरलं आणि १० सेमीवर २०० सेंटीग्रे हवे असतील तर २०० भागिले ०.६७, जवळपास ३०० एमयू. सॉफ्टवेअरने त्याच मांडणीला २५० दाखवले तर कोणीतरी अंतर चुकवलंय. १०० सेमी अंतर त्वचेपर्यंत धरलं की ट्यूमरपर्यंत, एवढ्या एका गोंधळात सुमारे २० टक्क्यांचा फरक पडतो. ब्रिटनमधल्या एका रुग्णालयात १९८२ मध्ये नवीन प्लॅनिंग कॉम्प्युटर आला. अंतराची दुरुस्ती तो स्वतःच करत होता, आणि माणसं जुन्या सवयीने तीच दुरुस्ती पुन्हा हाताने करत राहिली. हजाराच्या आसपास पेशंटना कमी डोस मिळत गेला आणि चूक सापडायला १९९१ उजाडलं.

ब्रॅकीथेरपीत, म्हणजे सोर्स शरीराच्या आत नेऊन द्यायच्या उपचारात, इरिडियम-१९२ चा सोर्स असतो, अर्धायुष्य ७४ दिवस, म्हणजे दिवसाला जवळपास एक टक्का घट. यंत्राची तारीख दहा दिवसांनी चुकली तर डोस नऊ टक्क्यांनी चुकतो. नवा सोर्स आला की वेल-टाइप, म्हणजे विहिरीसारख्या खोलगट, चेंबरमध्ये त्याची ताकद स्वतः मोजा. कंपनीच्या सर्टिफिकेटपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पेशंट घेऊ नका.

इंटर्नशिपनंतर रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर, म्हणजे आरएसओची पात्रता मिळवा. रेडिओथेरपी विभागाला एईआरबीने मंजूर केलेला आरएसओ लागतोच, त्यामुळे ती हातात असलेल्या उमेदवाराला रुग्णालयं आधी बोलावतात. मंजुरीचे अर्ज ई-लोरा या पोर्टलवरून जातात. नाव, जन्मतारीख आणि पदवीचा तपशील सगळ्या कागदांवर एकसारखा ठेवा, मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर स्वतःचं नाव आधी असलं की अर्ज अडकतो.

रेडिएशनमध्ये काम करणाऱ्याची डोसची मर्यादा पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट (शरीराला लागलेल्या रेडिएशनचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ३०. त्याचा हिशेब ठेवणारा टीएलडी बॅज छातीवर लावायचा, शिशाचा एप्रन घातला असेल तर त्याच्या आत. एप्रन काढून खोलीतल्या खुंटीला टांगला आणि बॅज त्यावरच राहिला, तर तुम्ही घरी जेवत असताना बॅज डोस मोजत राहतो. तीन महिन्यांनी रिपोर्ट येतो आणि तो डोस तुम्हाला लागलाच नाही, हे लेखी पटवून द्यावं लागतं. संध्याकाळी निघताना बॅज कंट्रोल रूमच्या बाहेर, कंट्रोल बॅजशेजारी, म्हणजे कुणीच न घालायच्या तुलनेच्या बॅजशेजारी, ठेवून जा.