इंग्रजीत नम्रपणे ‘नाही’ कसं म्हणायचं?

मराठीतलं ‘नाही जमणार’ सुरातून मवाळ होतं. इंग्रजीत बरंचसं काम शब्दांनाच करावं लागतं. म्हणून नुसतं ‘नो’ तुटक वाटतं. आधी आभार, मग नकार, मग एकच कारण: ‘थँक्स फॉर आस्किंग, बट आय वोन्ट बी एबल टू हेल्प. आय हॅव अ डेडलाइन ऑन फ्रायडे.’ तीन कारणं दिलीत की समोरचा प्रत्येकावर तोडगा काढत बसतो.

खरा घात करतं ते ‘आय विल ट्राय’. आपल्या मनात तो नकार असतो, ऐकणारा मात्र होकार धरून चालतो.

पुन्हा आग्रह झाला तर नवं कारण शोधू नका. शांतपणे म्हणा, ‘आय अंडरस्टँड, बट आय स्टिल कान्ट.’ ‘सॉरी’ एकदाच पुरे.

मतभेद असेल तर ‘यू आर राँग’ऐवजी ‘आय सी इट डिफरन्टली’ म्हणा आणि लगेच मुद्दा सांगा.